कड, कास आणि शेपूट: गडगडाटी ढगाभोवतीचे आकार कसे ओळखावेत

प्रश्न असा आहे. दुपारी क्षितिजाकडून ढगाची एक लांब, काळी कड सरकत आली आणि तिच्यामागोमाग वारा-पाऊस आला. मध्येच एका बाजूला ढगाच्या तळातून शेपटासारखे काहीतरी खाली लोंबले आणि दोन-तीन मिनिटांत विरून गेले. पाऊस थांबल्यावर, सूर्य मावळता मावळता, आभाळाला खालून गोल गोल फुगवटे आले होते. यांतल्या कशाला घाबरायचे, आणि पुढच्या वेळी हे कसे ओळखायचे?

आधी थोडक्यात उत्तर. फुगवटे दिसायला सर्वांत भयंकर असतात, पण जमिनीवरच्या माणसाला त्यांच्यापासून काहीच धोका नसतो. कड म्हणजे जोरदार वाऱ्याची वर्दी, आणि ती सहसा खोटी ठरत नाही. शेपूट बहुतेक वेळा काहीच नसते, पण क्वचित सर्वांत गंभीर असते, म्हणून लक्ष तिकडे द्यायचे. ओळखण्याची पद्धत एकच आहे: आकारावर विसंबायचे नाही. तो आकार वादळाच्या कोणत्या भागात आहे आणि कसा हलतो आहे, हे पाहायचे. एकच आकार दोन जागी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. एकट्या छायाचित्रावरून निदान करणारे इथेच फसतात, कारण छायाचित्रात हालचाल नसते आणि बहुधा पाऊस कुठे पडतो आहे तेही चौकटीबाहेर राहिलेले असते.

जागा ओळखण्यासाठी वादळाची रचना डोळ्यांसमोर हवी. गडगडाटी ढग, म्हणजे क्युम्युलोनिम्बस, हा दोन झोतांचा खेळ आहे. चढता झोत गरम, दमट हवा वर नेतो. वर जाणारी हवा प्रसरण पावून थंड होते, कोरडी असेपर्यंत दर किलोमीटरला ९.८ अंश सेल्सिअसने. ती दवबिंदूपर्यंत थंड झाली की सांद्रीभवन, म्हणजे बाष्पाचे पाण्याच्या थेंबांत रूपांतर, सुरू होते, आणि त्या उंचीवर ढगाचा सपाट तळ दिसतो. ही उंची काढायला सोपा हिशेब आहे: जमिनीवरचे तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले १२५ मीटर. तापमान ३३ अंश आणि दवबिंदू २१ अंश असेल तर फरक १२, आणि तळ साधारण १५०० मीटरवर. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण वादळातले बरेच विचित्र ढग या तळाच्या खाली दिसतात. मग विचारायचा प्रश्न एवढाच उरतो, की ढग इतक्या खाली कसा तयार झाला?

वर चढलेला झोत तपस्तब्धीला, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या वरच्या सीमेला, जाऊन थडकतो. उष्ण कटिबंधात ती १६ ते १८ किलोमीटरवर असते, मध्य अक्षांशांत बहुधा १० ते १२. तिथून पुढे भोवतालची हवा उंचीबरोबर थंड होत नाही, त्यामुळे चढणाऱ्या हवेची उचल संपते आणि ती आडवी पसरते. लोहाराच्या ऐरणीसारखा दिसणारा सपाट माथा तो हाच. दुसरा झोत उतरता. पाऊस आणि गारा पडताना हवेला खाली ओढतात, थेंबांचे बाष्पीभवन होताना ती हवा थंड आणि जड होते, आणि जमिनीवर आपटून ओतलेल्या पाण्यासारखी चहूकडे पसरते. या पसरलेल्या थंड हवेला शीत साठा म्हणू. आता तिन्ही आकार त्यांच्या जागी बसवता येतात.

फुगवट्यांचे नाव मॅमॅटस. लॅटिनमध्ये 'मामा' म्हणजे स्तन किंवा कास, आणि दुभत्या जनावराची भरलेली कास पाहिलेल्या कुणालाही हे नाव पटेल. ते ऐरणीच्या खालच्या बाजूला, म्हणजे मुख्य वादळापासून लांबवर पसरलेल्या बर्फकणांच्या थराला लोंबतात. एकेका फुगवट्याची रुंदी साधारण १ ते ३ किलोमीटर, लोंबण्याची खोली अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. एक फुगवटा जेमतेम १० मिनिटे टिकतो, पण शेजारी नवे तयार होत राहतात, त्यामुळे सगळा समूह पाव तासापासून काही तासांपर्यंत दिसू शकतो.

ढग सहसा वर चढणाऱ्या हवेने बनतात. मॅमॅटस मात्र खाली उतरणाऱ्या हवेचा आकार आहे, म्हणूनच तो उलटा दिसतो. ऐरणीतून बर्फकण खालच्या कोरड्या हवेत उतरतात आणि त्यांचे बाष्प होऊ लागते. त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, ती हवा थंड होते आणि खाली सरकू लागते. एरवी खाली येणारी हवा दाबली जाऊन पटकन तापते आणि थांबते. पण जोवर तिच्यात बर्फकण आहेत तोवर बाष्पीभवन तिला थंड करत राहते, म्हणून ती भोवतालच्या कोरड्या हवेपेक्षा हळू तापते, जडच राहते आणि उतरत राहते. नेमकी कोणती प्रक्रिया किती वाटा उचलते यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. थराखालून होणारे उष्णतेचे प्रारण आणि कणांच्या पडण्याचा वेग हेही हिशेबात धरले जातात. थराखाली कोरडी हवा असणे हा त्यातला महत्त्वाचा धागा.

मॅमॅटस दिसले म्हणजे टोर्नेडो, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोचणारा वाऱ्याचा वेगवान भोवरा, येणार, ही समजूत चुकीची आहे. हे फुगवटे साध्या मध्यम उंचीच्या ढगांखालीही येतात. १८ मे १९८० रोजी माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा राखेच्या ढगाखालीही ते दिसले होते, आणि त्यात पावसाचा संबंध नव्हता. जमिनीवरून पाहणाऱ्यासाठी त्यांचा अर्थ इतकाच: जवळपास ऐरण पसरवण्याइतके मोठे वादळ आहे किंवा होऊन गेले आहे. वैमानिकासाठी गोष्ट वेगळी. ऐरणीखालून उडणे तीव्र हादऱ्यांना आणि गारांना आमंत्रण असते, म्हणून तीव्र वादळापासून किमान २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, अंतर राखण्याचा सल्ला दिला जातो. जमिनीवरच्या माणसाने एक मात्र विसरू नये: ऐरणीखाली पाऊस नसला, निळे आभाळ दिसत असले, तरी वीज मुख्य ढगापासून १५ किलोमीटर किंवा त्याहून दूर पडू शकते. मॅमॅटस बघायला गच्चीवर जाणाऱ्यांना खरा धोका फुगवट्यांचा नसून या विजेचा असतो.

आता कड. हिला शेल्फ क्लाउड म्हणतात. शीत साठा जमिनीलगत पुढे धावतो आणि त्याची आघाडी, म्हणजे गस्ट फ्रंट, पाचरीसारखी समोरच्या गरम, दमट हवेखाली घुसते. ती हवा उचलली जाते, तिच्यात सांद्रीभवन होते आणि आघाडीच्या वर, तिला समांतर, लांबलचक ढग बनतो. तो मूळ वादळाला चिकटलेला असतो आणि पडवीच्या छपरासारखा पुढे उतरत गेलेला दिसतो. त्याचा तळ हिशेबाने काढलेल्या उंचीपेक्षा बराच खाली असतो, कारण पावसाने थंड आणि दमट झालेली हवा आघाडीपाशी मिसळते, आणि दमट हवेला दवबिंदू गाठायला फार चढावे लागत नाही.

उताराची दिशा नीट लक्षात ठेवा. शेल्फ क्लाउड पावसापासून दूर, पुढच्या बाजूला उतरतो. पाऊस त्याच्या मागे असतो.

कडेचा पोतही वाचता येतो. ती गुळगुळीत, एकावर एक थर रचल्यासारखी असेल तर उचलली जाणारी हवा स्थिर आहे. तिला सक्तीने वर ढकलले जात आहे, स्वतःहून ती चढायला तयार नाही. कडेचा माथा फुलकोबीसारखा फुटत असेल तर उचललेली हवा अस्थिर आहे, तिथून नवे चढते झोत सुटत आहेत आणि वादळाला पुढे खाद्य मिळत आहे. या दुसऱ्या प्रकारातले वादळ जास्त वेळ टिकण्याची शक्यता असते. कड डोक्यावरून गेली की तिच्या मागचा तळ फाटका, हिरवट-काळा, घुसळल्यासारखा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटते की आता आभाळ खाली येणार. प्रत्यक्षात तोपर्यंत वाऱ्याचा पहिला धक्का येऊन गेलेला असतो. हा भाग सर्वांत जास्त घाबरवतो आणि टोर्नेडोच्या सर्वांत जास्त खोट्या वर्दी इथूनच येतात.

क्रम बहुधा असा असतो: कड जवळ येताना वारा पडतो किंवा वादळाच्या दिशेनेच मंद वाहतो. कड डोक्यावर येता येता दिशा एकदम उलटते आणि झोत आदळतो, त्याचा वेग ताशी ५० ते १०० किलोमीटर असू शकतो. काही मिनिटांत तापमान ५ ते १० अंशांनी उतरते, हवेचा दाब किंचित उडी मारतो, टपोरे थेंब पडतात आणि मग मुसळधार. म्हणून हाताशी किती वेळ आहे हे कड दूर असतानाच मोजावे. हात पूर्ण लांब करून मूठ क्षितिजावर ठेवा. मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. कडेचा तळ ५०० मीटर उंच असेल आणि तो क्षितिजापासून एक मूठ वर दिसत असेल, तर ती सुमारे २.८ किलोमीटर दूर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, हे अंतर तीन मिनिटांच्या आत कापले जाईल. तळ १००० मीटरवर असेल तर पावणेसहा किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सहा मिनिटे. कड एक मूठ वर आली की छायाचित्रे पुरेत, आत जा. पत्रे, फांद्या, मंडपाचे खांब यांनी होणाऱ्या इजा याच पहिल्या पाच मिनिटांतल्या असतात.

कधी हीच कड मूळ ढगापासून सुटते आणि वळकटीसारखी एकटी लोळत पुढे जाते. तो रोल क्लाउड. तो आडव्या अक्षाभोवती फिरतो, आणि त्या फिरण्याचा टोर्नेडोशी संबंध नाही. वळकटी सुटली याचा अर्थ थंड हवा वादळाच्या फार पुढे निघून आली आहे आणि वादळाचा गरम हवेचा पुरवठा तुटत चालला आहे. वादळ अशक्त होत आहे, पण वाऱ्याचा झोत बाकी आहे. या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना वादळाशिवायही तयार होतो: ऑस्ट्रेलियात कार्पेंटारियाच्या आखाताच्या दक्षिणेला, बर्कटाउनजवळ, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे 'मॉर्निंग ग्लोरी' येतो आणि त्याची लांबी १००० किलोमीटरपर्यंत भरू शकते. ग्लायडरवाले त्याच्या पुढच्या, चढत्या बाजूवर तरंगतात.

गस्ट फ्रंटवर जमिनीलगत धुळीचे छोटे भोवरे उठतात. ते वरच्या ढगाला जोडलेले नसतात आणि मिनिटभरात संपतात. छप्पर उडवण्याइतकी ताकद त्यांच्यात असू शकते, तरी त्यांना टोर्नेडो म्हणत नाहीत.

कडेपेक्षा फसवा एक प्रकार आहे, आणि त्यात ढग अजिबात भयंकर दिसत नाही. ढगाचा तळ खूप उंच, हवा कोरडी, आणि तळातून पावसाचे धागे लोंबतात पण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. या धाग्यांना व्हिर्गा म्हणतात. सगळा पाऊस वाटेतच आटतो, म्हणजे हवा भरपूर थंड होते, आणि ती थंड हवा एका जागी धाडकन खाली येते. हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी अशा झोताला मायक्रोबर्स्ट हे नाव दिले: व्यास ४ किलोमीटरपेक्षा कमी, तीव्र वारा दोन ते पाच मिनिटे. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान अशाच झोतात सापडून कोसळले आणि ११३ जण मृत्युमुखी पडले. त्या अपघाताच्या अभ्यासातून ही कल्पना पुढे आली. जमिनीवरून खूण अशी: व्हिर्गाच्या खाली धुळीचे गोल कडे अचानक बाहेरच्या दिशेने पसरते. पाऊस जमिनीपर्यंत येत असेल तर पावसाच्या पडद्याचा खालचा भाग पावलासारखा एका बाजूला पुढे वळलेला दिसतो. हे दिसायला साधे आहे आणि फार थोडे लोक बघतात. माझ्या मते वादळ पाहणाऱ्याने मॅमॅटसआधी हे ओळखायला शिकावे.

शेपूट

शेपटाच्या बाबतीत पहिला प्रश्न: ते कशाला लोंबत होते? पाऊस पडणाऱ्या भागाजवळचे बहुतेक 'शेपूट' म्हणजे फाटक्या ढगांचे तुकडे असतात, शास्त्रीय नाव पॅनस. पावसाने दमट झालेली थंड हवा थोडी वर उचलली गेली की हे तुकडे हवेत अधांतरी उमटतात, कधी निमुळते होतात, कधी तळाला टेकतात. एखादा तुकडा अगदी सोंडेसारखा दिसतो. ओळखायला दोन मिनिटे पुरतात. घराचा कोपरा किंवा खांब अशी स्थिर वस्तू डोळ्यांच्या रेषेत धरा, स्वतः हलू नका आणि तुकड्याची एक कडा पाहत राहा. तो नुसता वर चढत असेल, आकार बदलत असेल, विरत असेल तर फाटका ढग. प्रश्नातले शेपूट दोन-तीन मिनिटांत विरले आणि त्याच्या फिरण्याचा उल्लेख नाही, म्हणजे ते बहुधा हेच असावे.

दुसरी शक्यता वॉल क्लाउडची. हा ढग वादळाच्या पाऊस नसलेल्या तळाखाली, चढत्या झोताच्या बरोबर खाली, ठोकळ्यासारखा उतरलेला असतो. चढता झोत इतका जोरदार असतो की शेजारच्या पावसाने थंड व दमट झालेली हवाही तो ओढून घेतो. ती दमट असल्याने तिचे सांद्रीभवन लवकर, म्हणजे खालच्या उंचीवर होते. शेल्फ क्लाउडशी याचा घोळ नेहमी होतो, पण फरक स्पष्ट आहे. वॉल क्लाउड आटोपशीर असतो, क्षितिजभर पसरत नाही. त्याचा उतार पावसाच्या दिशेने असतो आणि त्याच्या आजूबाजूचा वारा त्याच्याकडे, आत वाहतो. शेल्फ क्लाउडचा उतार पावसापासून दूर आणि वारा त्याच्यातून बाहेर. संशय आला तर स्वतःच्या गालावरचा वारा विचारात घ्या: गरम, दमट वारा ढगाकडे जात असेल तर तुम्ही चढत्या झोताच्या बाजूला आहात, थंड वारा ढगाकडून येत असेल तर उतरत्या झोताच्या.

वॉल क्लाउडमधून पावसाकडे एक आडवे शेपूट गेलेले दिसते, त्याला कॉडा म्हणतात. ते वॉल क्लाउडला चिकटलेले, त्याच्याच उंचीवर असते, आणि त्यातले तुकडे पावसाकडून वॉल क्लाउडकडे सरकतात. त्याच्याशी गल्लत होणारा फ्लुमेन नावाचा दुसरा पट्टा मुख्य चढत्या झोताच्या तळाच्या पातळीवर, बाहेरून वादळात शिरताना दिसतो आणि वॉल क्लाउडला जोडलेला नसतो. दोन्ही आडवे आहेत. आडव्या शेपटाला टोर्नेडो समजण्याचे कारण नाही, पण वादळ जोरात हवा ओढते आहे एवढे ते सांगते.

बहुतेक वॉल क्लाउड टोर्नेडो देत नाहीत. काळजी कधी करायची? तो १० मिनिटांहून जास्त टिकून आहे, उघड्या डोळ्यांना एका उभ्या अक्षाभोवती फिरताना दिसतो, आणि त्याच्या कडेचे तुकडे झपाट्याने वर ओढले जात आहेत, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर. फिरणे तपासताना जवळची आणि दूरची कडा वेगवेगळी पाहायची. उत्तर गोलार्धात अशी वादळे बहुधा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. तेव्हा तुमच्या जवळची कडा डावीकडून उजवीकडे आणि दूरची उजवीकडून डावीकडे जाताना दिसते. दोन्ही कडा एकाच दिशेने जात असतील तर ढग फिरत नाही, नुसता सरकतो आहे. यानंतरची गंभीर खूण म्हणजे काळ्या तळाला एका बाजूने पडलेली उजळ खाच. वरून कोरडी हवा गुंडाळून उतरत असते, ती ढग आटवते आणि तळ घोड्याच्या नालासारखा उरतो. फिरता वॉल क्लाउड आणि उजळ खाच दोन्ही दिसली तर निरीक्षण संपले. पक्क्या इमारतीच्या सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत जायचे.

टोर्नेडोची सोंड खाली येऊ लागली आणि जमिनीला टेकली नाही, म्हणून सुटलो असे मानू नये. सोंड म्हणजे भोवऱ्यातला दाब कमी झाल्याने थंड झालेल्या हवेतले पाणी, वारा नव्हे. कोरड्या हवेत सोंड अर्ध्यावरच थांबते आणि वारा मात्र जमिनीपर्यंत पोचलेला असतो. म्हणून सोंडेच्या टोकाकडे बघत न बसता तिच्या बरोबर खाली जमिनीवर धूळ किंवा मोडतोड फिरते आहे का ते पाहावे. पावसाच्या पडद्यात गुंडाळलेला टोर्नेडो तर दिसतच नाही, त्यामुळे 'मला काही दिसले नाही' हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

ही नावे फार जुनी नाहीत. २० जून १९५७ रोजी अमेरिकेतल्या फार्गो शहरात टोर्नेडो झाला; लोकांनी काढलेल्या छायाचित्रांचा अभ्यास करताना फुजितांनी वॉल क्लाउड आणि टेल क्लाउड हे शब्द रूढ केले. जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या आंतरराष्ट्रीय नकाशासंग्रहात मात्र म्युरस (वॉल क्लाउड), कॉडा (टेल क्लाउड), फ्लुमेन ही लॅटिन नावे थेट २०१७ च्या आवृत्तीत आली. रोल क्लाउडला व्होल्युटस आणि खालून ढवळलेल्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या थराला अ‍ॅस्पेरिटास ही नावेही त्याच वेळी मिळाली. अ‍ॅस्पेरिटास वादळाच्या आसपास दिसतो, रंगाने भीतिदायक असतो, पण त्यात लाटा असतात, भोवरा नसतो, आणि त्यातून वादळ तयार होत नाही.

वरच्या बाजूचे आकार लांबूनच दिसतात, ३० ते १०० किलोमीटरवरून, आणि धोक्याची सर्वांत लवकर सूचना तेच देतात. वाढत्या ढगाच्या डोक्यावर गुळगुळीत पातळ टोपी दिसली तर ती पायलस. झोत इतक्या वेगाने वर येतो की वरचा दमट थर बाजूला सरायला वेळ मिळत नाही, तो उचलला जातो आणि त्याचाच ढग बनतो. ती काही मिनिटांतच फुटते, कारण खालचा ढग तिला भेदून वर जातो. पायलस दिसलेला ढग पुढच्या अर्ध्या तासात गडगडाटी होण्याची शक्यता मी नेहमी गृहीत धरतो.

ऐरण तयार झाल्यावर तिच्या सपाट माथ्यावर फुगीर घुमट दिसतो का ते पाहा. चढता झोत स्वतःच्या वेगाने तपस्तब्धी ओलांडून एक-दोन किलोमीटर वर स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या पुढच्या थरात, घुसतो, तो हा घुमट. साधे घुमट येतात आणि काही मिनिटांत बसतात. तोच घुमट १० मिनिटांहून जास्त टिकला तर झोत बळकट आणि सलग आहे. गारा आणि जोरदार वारे गृहीत धरावेत. उपग्रहाच्या अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रात तो भोवतालच्या ऐरणीपेक्षा थंड ठिपका म्हणून उठून दिसतो, कारण घुसलेली हवा चढताना थंड होतच राहते. ऐरणीच्या कडाही बोलतात. कडा धारदार आणि गाठीगाठींची असेल, आणि ऐरण वरच्या वाऱ्याविरुद्धही थोडी मागे पसरत असेल, तर झोत जोरात आहे. कडा धुरकट, केसासारखी विरलेली असेल तर वादळ उतरणीला लागले आहे.

ऐरणीच्या किंवा शेजारच्या थराच्या माथ्यावर फुटणाऱ्या लाटांची रांग क्वचित दिसते. तिचे नाव फ्लक्टस. दोन थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात मोठा फरक असला की त्यांची सीमा लाटांसारखी गुंडाळते. ती एक-दोन मिनिटेच टिकते, त्यामुळे दिसताक्षणी टिपायची. वैमानिकाला ती हादऱ्यांची पाटी आहे.

आणखी एक दृश्य, ज्याला बरेच लोक कॅमेऱ्यातला दोष समजतात: ऐरणीच्या माथ्यावर प्रकाशाचा पट्टा एकदम सरकतो, नाचतो, झटका देतो. ढगातल्या विद्युत क्षेत्रामुळे चपटे बर्फकण एका दिशेने रांगेत उभे राहतात आणि ऊन परावर्तित करतात. वीज चमकली की क्षेत्र बदलते, कण नव्या दिशेला वळतात, आणि पट्टा उडी मारतो. यासाठी सूर्य ढगाच्या मागे, माथ्याजवळ असावा लागतो. हिरव्या ढगाबद्दलही नेहमी विचारले जाते. मावळतीचा लालसर प्रकाश आणि जाड ढगातल्या पाण्याचा निळसर रंग मिसळून हिरवट छटा येते. ती खोल, पाण्याने भरलेल्या वादळाची खूण आहे; गारांची किंवा टोर्नेडोची हमी नाही.

पुढच्या वेळी पाहताना पहिली दोन मिनिटे कॅमेरा खिशातच ठेवा. आधी पावसाचा पडदा कुठे आहे ते शोधा, मग पाऊस नसलेला तळ, मग वारा कुठून कुठे वाहतो ते. वादळ किती दूर आहे ते वीज आणि गडगडाट यांतल्या सेकंदांना ३ ने भागून किलोमीटरमध्ये काढा. ३० सेकंद म्हणजे १० किलोमीटर, आणि तो आकडा त्याखाली गेला की उघड्यावर थांबायचे नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडायचे नाही. चित्रण आतून, बंद खिडकीमागून करता येते: फोन काहीतरी टेकवून स्थिर ठेवा, कडेसाठी सेकंदाला एक चित्र आणि मॅमॅटससाठी दोन-तीन सेकंदांना एक पुरते. प्रकाशमान (एक्स्पोजर) उजळ भागावर बेतावे, नाहीतर मावळतीचे फुगवटे पांढरेफटक येतात आणि त्यांची खोली जाते. चौकटीत खाली क्षितिजाची पट्टी ठेवाच, कारण तिच्याशिवाय उंची आणि फिरणे मोजता येत नाही. हवामान खात्याला किंवा जाणकाराला चित्र पाठवताना वेळ मिनिटापर्यंत, तुमचे ठिकाण, कॅमेऱ्याची दिशा अंशांत, पाऊस आकाराच्या डावीकडे होता की उजवीकडे, आणि तो आकार एकूण किती मिनिटे टिकला, हे पाच तपशील सोबत लिहा.